पिवळ्या बुडाच्या बुलबुलांचा हंगाम

नर खजुराचा मोहोर फुटला की सौदीतल्या हुफूफच्या बागांमधून एक वास सुटतो. भिजवून ठेवलेल्या कणकेसारखा, जरा आंबूस, जरा ओशाळवाणा. पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पीठ मळून विसरून गेलंय. आता तोच वास आला की अंगात वारं भरतं. गुडघे दुखायचे थांबतात असं नाही, पण त्यांचं मी ऐकत नाही. ह्या आठवड्यात तो वास सुटला. आमच्याकडे माडाला पोय, म्हणजे फुलांचा कोंब, येते तशीच इथे खजुराला येते. फरक एवढाच की इथे नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. नराच्या तुऱ्यातली काडी घ्यायची, मादीच्या फुटलेल्या पोयीत खोचायची आणि पातीने बांधून टाकायची. झाडांचे निकाह लावायचा हंगाम. माझा मुलगा यूसुफ दम्मामला नोकरीला आहे. तो फोनवर सांगतो, "अब्बा, आता झाडावर चढायचं नाही." मी म्हणतो, "बुटक्या झाडावर चढतो." बुटकं झाड कुठलं आणि उंच कुठलं हे ठरवणारा मीच, त्यामुळे आमचं भांडण होत नाही.

इथले लोक कमरेला दोरखंडाचा जाड पट्टा बांधून चढतात, पाठ मागे टेकवून आरामात, खुर्चीत बसल्यासारखे. मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. पायात दोरीचा फास घालून ओल्या माडावर चढलेला माणूस. सुरुवातीला तो पट्टा मला अपमान वाटायचा. अजूनही वाटतो, पण बांधतो. वर गेल्यावर मात्र सगळं विसरायला होतं. खाली डाळिंब, अंजीर, लसूणघासाचे हिरवे वाफे, पाटातून पंपाचं पाणी चाललेलं, आणि बागेच्या भिंतीपलीकडे शहराचा धुरकट पिवळा कडा. आणि आज सकाळी असाच वर असताना खालून आवाज आला. गळ्यात पाणी खुळखुळवल्यासारखा. बुलबुल. मग मला तो दोन वर्षांमागचा हंगाम आठवला, आणि मी झाडावरच बसून राहिलो. खालून माझ्या जोडीच्या गड्याने, बशीरने, हाक मारली तेव्हा कुठे उतरलो.

बुलबुल म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला लालबुड्या आठवतो. डोक्यावर शेंडी, शेपटीखाली लाल. इथला वेगळा. डोकं काळंभोर, गालावर पांढरा ठिपका, जणू दाढी करताना साबण पुसायचा राहिलाय, आणि शेपटीखाली हळदीचं बोट पुसल्यासारखं पिवळं. आणि धीट किती! बागेत चहा घेऊन बसावं तर हा पेल्याच्या काठावर. खजूर खाऊन बी थुंकावी तर हा ती बी बघायला हजर. माझा कफील अबू सालेह, म्हणजे बागेचा मालक, माझ्याच वयाचा. तो सांगतो की त्याच्या बापाच्या वेळी बुलबुल एवढे होते की पिकलेल्या खजुरावर पोरांना राखणीला बसवावं लागे. पोरं राखण करायची सोडून बुलबुलांना खजूर भरवत बसायची. त्या पोरांपैकी एक तो स्वतः.

मी शिकलो चौथीपर्यंत. पुढे मास्तरांना मी आवडलो नाही आणि मला मास्तर. बापाच्या होडीवर गेलो, जाळी विणली, मग इकडे आलो, इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर. समुद्र सोडून वाळूत आलेला मासा, असं गावाकडची माझी बायको म्हणते. पण मासा मेला नाही, हे ती सांगत नाही.

आता साळुंकीचं सांगतो. ज्या वर्षी पहिली साळुंकी बागेत उतरली, त्या दिवशी मी बशीरला मिठी मारली होती. खोटं नाही. बशीर केरळचा, आमच्या बागेचा दुसरा गडी, आणि स्वयंपाकीही तोच. पंपाच्या खोलीच्या छपरावर ती येऊन बसली. तपकिरी अंग, पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळी पट्टी. मग खाली उतरून अशी चालली, अशी चालली, जशी गावात नवा फौजदार चालतो. मी ओरडलो, "बशीर, आपली साळुंकी!" तो म्हणाला, "चाचा, ये तो मैना है. हमारे घर में भी आती थी." दोघांना घर आठवलं. माझ्या घराच्या कौलाखाली तिचं घरटं असे, त्याच्या घराच्या वळचणीला. त्या दिवसापासून आमच्या जेवणातला उरलेला भात भिंतीवरच्या परातीत जाऊ लागला. शेजारी पाण्याची एक थाळी. मुक्या जीवाला दाणापाणी घातलं की सवाब मिळतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. आणि जीव आपल्या मुलखातला असला तर सवाबात वर थोडी साखर. आसपासच्या बागांतही हेच. जिथे जिथे हिंदुस्तानी गडी, तिथे तिथे भिंतीवर भात. साळुंक्या दोनाच्या दहा झाल्या, दहाच्या किती झाल्या कुणास ठाऊक. सकाळ-संध्याकाळ असा कलकलाट की वाटावं, कोकणातल्या एखाद्या आठवडी बाजारात उभा आहे.

दोन वर्षांमागे, ह्याच दिवसांत, एका शुक्रवारी यूसुफ सुनेला घेऊन आला. सून नसरीन. चिपळूणच्या कॉलेजात शिकलेली, दम्मामच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि बोलताना पुढच्याला वर्गात उभं केल्यासारखं बोलते. मला आवडते, पण तिला हे माहीत नसलेलं बरं. ती परातीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "अब्बा, तुमच्या बागेतले बुलबुल कुठे गेले?"

मी म्हटलं, "असतील इकडेतिकडे."

"मागच्या वर्षी चहाच्या पेल्यात तोंड घालत होते. आज साळुंक्याच साळुंक्या." तिने भाताकडे बोट दाखवलं. "अब्बा, ही साळुंकी इथली नाही. माणसांनी पिंजऱ्यातून आणली, सुटली आणि माजली. ती दुसऱ्यांची घरटी फोडते. तुम्ही तिला भात घालून पोसताय."

माझं डोकं फिरलं. "इथली नाही? मग मी कुठे इथला आहे, बाय? मलाही हाकल."

"तुम्ही कुणाची अंडी खाल्ली आहेत का?"

"कोंबडीची रोज खातो."

यूसुफ हसला. नसरीन हसली नाही. म्हणाली, "विनोद पुरे. लिंबोणीत घरटं आहे ना बुलबुलाचं? लक्ष ठेवा तुम्ही. मी सांगते म्हणून नको. स्वतः बघा."

हे मात्र तिने बरोबर केलं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी समुद्र खारट आहे हेही मानलं नसतं. मी लक्ष ठेवलं, ते तिला खोटं पाडायला. माझ्या खोलीच्या दाराशी हसावी, म्हणजे इथल्या जातीच्या, लिंबाचं झाड आहे, माणसाच्या उंचीचं, आत काटेरी आणि गच्च. त्यात वाटीएवढं घरटं. मी दारात बाज टाकून बसलो. आणि तिसऱ्या की चौथ्या सकाळी माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मुलखातली ती फौजदारीण लिंबोणीत शिरली. बुलबुल मादी जिवाच्या आकांताने ओरडत होती, नर पंखांनी मारत होता. साळुंकी बाहेर आली ती चोचीत गुलाबी ठिपक्यांचं अंडं घेऊन. खाल्लंही नाही धड. भिंतीवर आपटलं, चाखलं, टाकलं, आणि परातीत जाऊन भात खाऊ लागली. माझ्याच परातीत. पोट भरलेलं असताना केलेली चोरी मला सहन होत नाही. मी वहाण फेकून मारली. परात घणघणत खाली आली.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शंभर वेळा दुसऱ्यांना ऐकवली आहे. त्या दिवशी ती मला कुणी ऐकवली नाही. आसपास कुणी नव्हतं म्हणून.

त्याच आठवड्यात पाण्याच्या थाळीपाशी एक बुलबुल सापडला. बसूनच होता, उडेना. हातात घेतला तर डोळ्याभोवती आणि चोचीच्या मुळाशी फोड, मसुरीएवढे. मी लगेच ओळखलं. देवी. कोकणात कोंबड्यांना येतात त्याच. एका खुराड्यात एकीला आल्या की सगळ्यांना येतात. त्याचे डोळे मिटत आले होते. मी नसरीनला फोनवर फोटो पाठवला. तिने लगेच फोन केला. "अब्बा, एका थाळीत सगळे प्यायले की एकाचं दुखणं सगळ्यांना. पारवे, चिमण्या, साळुंक्या, सगळे तिथेच. थाळी काढा. हात साबणाने धुवा. आणि खोलीमागचं ते डबकं आटवा, डासांनीही पसरतं."

"आणि ह्या बुलबुलाचं काय?"

ती म्हणाली, "त्याला सावलीत ठेवा. बाकीच्यांपासून लांब."

संध्याकाळपर्यंत तो गेला. अबू सालेह आला होता. त्याने त्याला आपल्या रुमालात घेतलं आणि अंजिराखाली स्वतः खड्डा खणला. अरबीत अहोजाहो नाही, त्यामुळे मालक असला तरी आम्ही एकमेकांना तूच म्हणतो, आणि भांडणही बरोबरीने करतो. त्या दिवशी भांडला नाही. मला तो अबू यूसुफ म्हणतो, म्हणजे यूसुफचा बाप. म्हणाला, "अबू यूसुफ, शेजारच्या बागांत बुलबुल उरले नाहीत. मी विचारून आलो. आपल्याकडे ही लिंबोणीतली एकच जोडी. ही गेली तर मी सकाळी उठून बागेत यायचं कशाला? खजूर मोजायला?"

ते वाक्य मला लागलं. तो यायचा म्हणून मी होतो. तो आला की गहवा, म्हणजे इथली कॉफी, व्हायचा, भांडण व्हायचं, दिवस उभा राहायचा. बाग म्हणजे झाडं नव्हेत, हे त्या बागेत इतकी वर्षं घालवूनही मला कुणी सांगितलं नव्हतं.

भात बंद केला. थाळी उलटी करून उन्हात टाकली. पुढे एक नवी ठेवली, रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर मी स्वतः घासायची आणि दुपारी कोरडी ठेवायची. डबकं बुजवलं. बशीर खवळला. "चाचा, सवाब का काम बंद? ऊपर जाके क्या जवाब दोगे?" मी म्हटलं, "वर मी बघून घेईन. तू खाली भात कमी शिजव." चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. भात मात्र कमी शिजला. शेजारच्या बागांतल्या गड्यांकडेही मी गेलो. कुणी हसलं, कुणी म्हणालं म्हाताऱ्याला ऊन लागलंय. मी रोज गेलो. हट्टी माणसाचा एक फायदा असतो. लोक त्याला पटलं म्हणून नव्हे, कंटाळून हो म्हणतात.

ह्या सगळ्या गडबडीत त्या जोडीने पुन्हा घरटं बांधलं. त्याच लिंबोणीत, दुसऱ्या फांदीवर. मी म्हटलं, ही तर माझ्याहून हट्टी. काटक्या, खजुराचे तंतू, बशीरच्या जुन्या बनियनचा एक धागासुद्धा. तीन अंडी, मग तीन पिल्लं. पिल्लं म्हणजे काय, कातडीच्या पिशवीला तीन तोंडं.

पण अडचण पंपाच्या खोलीत होती. तिच्या भिंतीत पाइपासाठी पाडलेलं एक भोक, आयत्या बिळावर नागोबा तशी त्यात साळुंकीची जोडी, आणि त्यांचीही पिल्लं झालेली. अबू सालेह म्हणाला, "भोक बुजव. खलास." मी जिप्समची पाटी घेऊन गेलोही. आत कान लावला तर पिल्लांची चिवचिव. मी पाटी घेऊन परत आलो.

"का नाही बुजवलंस?"

"आत लेकरं आहेत."

"ती मोठी होऊन आपल्या बुलबुलांची अंडी फोडतील."

"मोठी झाल्यावर बघू. आत्ता लेकरं आहेत." त्याने मान फिरवली. पण जिप्समची पाटी त्याने स्वतः उचलून आत ठेवली, एवढं मी पाहिलं.

म्हणून मी लिंबोणीखाली राखणीला बसलो. डोक्याचा रुमाल हातात, साळुंकी आली की फडकवायचा. लोक येऊन बघून जायचे. बशीरचा राग तोवर ओसरला होता. तो दुपारी ताट आणून द्यायचा आणि म्हणायचा, "चाचा, बाहर से आया हुआ चाचा, बाहर से आई हुई मैना को भगाता है. वाह!" मी म्हणायचो, "मी दार वाजवून आलोय. ती भिंत फोडून आली." माझ्यापुरतं हे उत्तर पुरेसं होतं. तरी रुमाल फडकवताना कधीकधी साळुंकी मान वाकडी करून माझ्याकडे अशी बघायची, जशी गावाकडची बाई गर्दीत ओळख न दाखवणाऱ्या माणसाकडे बघते. मी दुसरीकडे बघायचो.

पण माणूस किती बसणार? झाडांची कामं खोळंबली. नमाजला उठलं की साळुंकी लिंबोणीवर. मग मला जाळं आठवलं. जाळ्याचं सगळं शहाणपण त्याच्या आसात असतं, म्हणजे दोन गाठींमधल्या भोकात. आस केवढा ठेवायचा त्यावर ठरतं, कुठला मासा निसटणार आणि कुठला अडकणार. बुलबुल जाईल आणि साळुंकी अडेल, एवढाच तर आस हवा! मी नायलॉनची दोरी घेऊन बसलो. नसरीन फोनवर ओरडली, "अब्बा, जाळं नको! पाय अडकून मरतील." मी फोन ठेवला. मग जरा वेळाने दोरीही ठेवली. मासे अडकायला हवे असतात, पाखरं नकोत, हे मलाही कळत होतं. फक्त तिने आधी सांगायला नको होतं.

उपाय अबू सालेहकडे निघाला. ह्या भागात खजुराच्या झावळ्यांच्या दांड्यांपासून पेट्या, पाळणे, कोंबड्यांची खुराडी बनवतात. दांडा वाळवायचा, चिरायचा, त्याला सळईने भोकं पाडायची आणि भोकांतून काड्या ओवायच्या. खिळा नाही, दोरी नाही. अबू सालेहच्या बापाचा ह्यात हात बसलेला होता. अबू सालेहने स्वतः बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं, पण कोयता हातात घेतला आणि बोटांना आठवलं. मग दोन म्हातारे डाळिंबाच्या सावलीत बसले. तो चिरणार, मी ओवणार. तो म्हणाला, काड्या जाड हव्यात. मी म्हटलं, बारीक. तो म्हणाला, हे खुराडं माझ्या बापाचं. मी म्हटलं, पण आस माझ्या बापाचा. गहव्याच्या किटल्यांवर किटल्या रिकाम्या झाल्या. यूसुफ फोनवर म्हणाला, दुकानातून लोखंडी जाळी आणून देतो, तेव्हा आम्ही दोघं एकदम "नको" म्हणालो. त्या दिवसातलं आमचं एकमत तेवढंच.

दुपारी पाखरं सावलीला गेली असताना आम्ही तो टोपलीसारखा सांगाडा लिंबोणीच्या फांदीभोवती बसवला. काटे लागून दोघांचे हात रक्ताळले. मागे सरकलो आणि वाट बघत उभे राहिलो.

बुलबुल आली. चोचीत हिरवी अळी. काडीवर बसली, डोकं आत घातलं, अंग घातलं, आणि अडकली. मागे सरली. दुसऱ्या बाजूने आली. पुन्हा तेच. आत तीन तोंडं उघडलेली, बाहेर आई अळी घेऊन फिरतेय.  नायलॉनचं जाळं पाण्यात ओढ खाऊन सैल पडतं, म्हणून आम्ही कोळीकामाची माणसं आस नखभर आवळूनच धरतो. हाताची सवय. लाकूड कुठे सैल पडायला! मी तीन बोटं मोजली होती आणि सवयीने नखभर कमी केलं होतं.

"मी म्हटलं होतं," अबू सालेह कुजबुजला.

"तू जाड काड्यांचं म्हटलं होतंस. जाड काड्या असत्या तर चिमणीही गेली नसती."

"एक काडी तोड."

"एक तोडली तर साळुंकी जाईल."

"मग काय उभा राहून बघतोस, अबू यूसुफ? कर काहीतरी!"

ऊन तापलं होतं. पिल्लांचा आवाज बारीक होत चालला. मी चाकू घेऊन पुढे झालो. काडी तोडली नाही. समोरासमोरच्या दोन काड्या आतल्या अंगाने तासल्या, नखभर इकडून, नखभर तिकडून.  बुलबुल डोक्यावर येऊन शिव्या देत होती, एकदा तर कानाला चोच मारून गेली. अबू सालेह मागून "हळू, हळू" म्हणत होता आणि मला तेवढ्यापुरतं त्याचं ऐकावं लागत होतं. मागे आलो. बुलबुल काडीवर बसली. डोकं, मग खांदा, मग पंख मिटून अशी सरकली जशी घागरा वर धरून एखादी बाई अरुंद बोळातून जाते. आत गेली. एका तोंडात अळी, दुसरं तोंड आणखी मोठं.

अबू सालेह मटकन जमिनीवर बसला. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणाला. मग म्हणाला, "दार पडलं ते माझ्या काड्यांत, तुझ्या आसात नव्हे."

त्यानंतर साळुंकी आली, संध्याकाळी. तिला बघायला आम्ही तिघं रांगेत बसलो, बशीर धरून. तिने डोकं आत घातलं. खांद्यापाशी अडली. चारी बाजूंनी फिरली, प्रत्येक फटीत डोकं घालून बघितलं, आणि मग सांगाड्यावर उभी राहून आम्हाला असं काही सुनावलं की बशीर म्हणाला, "चाचा, ये आपके गाँव की भाषा में गाली दे रही है." मीही तिला माझ्या गावच्या भाषेतच उत्तर दिलं.

पुढे तिची पिल्लं उडून गेली. ज्या दिवशी भोक रिकामं झालं त्याच दिवशी मी ते बुजवलं, वरून हात फिरवून भिंत गुळगुळीत केली. बशीरने विचारलं, "निकाल दिया?" मी म्हटलं, "इकामा संपला होता."

साळुंक्या काही संपल्या नाहीत. आजही बाजाराच्या रस्त्यावर आहेत, खाणावळींच्या मागे आहेत, शहाण्या आहेत आणि पोट भरायला त्यांना माझी गरज नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. तिला कुणीतरी पिंजऱ्यात घालून समुद्रापार आणलं; ती स्वतः होडीत बसून आली नव्हती. जिथे दार उघडं दिसलं तिथे शिरली, पोरंबाळं वाढवली. ह्यात तिचं काय चुकलं? पण तिचं न चुकणं आणि बुलबुलाचं मरणं, दोन्ही खरं. एक खरं म्हणून दुसरं सोडून देता येत नाही. मग कुणीतरी रोज थाळी घासायची, भोकं वेळेत बुजवायची, भात मोजून शिजवायचा. हे काम मोठं नाही. रोजचं आहे, एवढंच. आणि रोजची कामं म्हाताऱ्यांना बरी जमतात. आम्हाला दुसरीकडे कुठे जायचं नसतं. ह्या वर्षी शेजारच्या बागेतही बुलबुल बोलतोय. तिथला गडी सांगतो, त्याच्या मालकाने आवाज ऐकून गाडी थांबवली. बायकोला फोनवर हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, "इथे घरच्या कौलाखालची साळुंकी मी हाकलणार नाही हं." मी म्हटलं, "तिथे ती घरची आहे. तिला माझा सलाम सांग."

पण मला सांगायची आहे ती त्या हंगामातली शेवटची सकाळ.

पिल्लांना पिसं फुटली होती, गालावर पांढऱ्याची नुसती चाहूल. पहिलं पिल्लू फटीतून बाहेर आलं आणि उडालं, जणू कालही उडालं होतं. दुसरं डाळिंबापर्यंत गेलं, धडपडलं, सावरलं. तिसरं फटीत येऊन बसलं आणि हलेना. आई समोरच्या डाळिंबावर चोचीत अळी धरून बोलावत होती. जवळ येत नव्हती. पिल्लू तोंड उघडून ओरडत होतं. ऊन वर आलं. भिंतीवर एक साळुंकी येऊन बसली, तिने मान वाकडी केली. पिल्लू आता ना आत होतं ना बाहेर.

अबू सालेहच्याने राहवेना. तो उठला, बोट पुढे केलं, पिल्लाला हलकेच ढकलायला. मी त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत सलामापलीकडे मी माझ्या कफीलचा हात कधी धरला नव्हता. "थांब," म्हटलं. "त्याच्या आईला करू दे." तो माझ्याकडे बघत राहिला, मग पिल्लाकडे. पण थांबला. बशीरने भिंतीकडे खडा भिरकावला, साळुंकी उडाली. आणि त्या फडफडाटाने दचकून म्हणा की भुकेने म्हणा, पिल्लाने अंग सोडलं. उडालं नाही, पडलं. वाळलेलं पान पडावं तसं जमिनीवर. आम्हा तिघांच्या तोंडून एकच आवाज निघाला. पिल्लू उठलं, पंख झाडले, उड्या मारत डाळिंबाच्या बुंध्याशी गेलं, खालच्या फांदीवर चढलं. आई एक फांदी खाली आली. मग आणखी एक. आणि अळी त्याच्या तोंडात गेली.

 अबू सालेहचा हात अजून माझ्या हातात होता. त्याने तो ओढून घेतला नाही, आणि मी सोडला नाही. आधी कुणी सोडायचा, ह्यावर आम्ही दोघं अडून बसलो. बशीर आत जाऊन चहा घेऊन आला. चहाला एकच हात लागतो. दोघांनी मोकळ्या हातांनी पेले उचलले.